केळीचे पिकणे आणि प्रथिनांचे स्फटिक

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात केळीचे घड हिरवे असतानाच उतरविले जातात. पिकवणीच्या बंद खोलीत इथिलीन वायू दिला म्हणजे काही दिवसांतच तीच केळी पिवळी होऊन बुधवाऱ्यातील हातगाडीवर येतात. हा वायू फळ स्वतःही निर्माण करते. परंतु एवढा विरळ वायू फळाला कळतो कसा?

पेशीतील ‘ग्राहक’ नावाची प्रथिने हे काम करतात. अशा एका ग्राहकाचे जनुक १९९३ साली मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिस या रोपट्यात सापडले. इथिलीनला धरून ठेवण्यासाठी या प्रथिनात तांब्याचा अणू असतो. गंमत अशी, की वायू नसताना ग्राहक पिकण्याची क्रिया रोखून धरतो आणि वायू चिकटताच तो रोध सुटतो. वायू हुकूम देत नाही, पहारा उठवितो.

हे प्रथिन सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. म्हणून त्याचे स्फटिक करावे लागतात. त्याचे जनुक जिवाणूत घालून प्रथिन तयार करवितात, ते शुद्ध करतात आणि त्याचा थेंब क्षारांच्या तीव्र द्रावणावर बंद भांड्यात टांगून ठेवतात. थेंबातील पाणी हळूहळू उडते. साधले तर रेणू खडीसाखरेप्रमाणे शिस्तीने रचले जातात. न साधल्यास नुसता साका उरतो, आणि बहुधा तेच घडते. स्फटिकातून गेलेले क्ष-किरण ठरावीक दिशांना विखुरतात व त्यावरून अणूंच्या जागा गणिताने काढता येतात. वनस्पतीच्या प्रथिनांना ही विद्या नवी नाही. जेम्स समनर यांनी १९२६ साली अबईच्या कुळातील एका शेंगेच्या बियांतून युरिएज या विकराचे स्फटिक मिळविले होते. इथिलीनचा ग्राहक मात्र पेशीतील स्निग्ध पटलात रुतलेला असल्याने पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे प्रथम पटलाबाहेरचे तुकडेच हाती आले. त्यांपैकी एकाची रचना १९९९ साली प्रसिद्ध झाली.

शेतकऱ्याशी याचा संबंध सरळ आहे. कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनचेच काम करतो, पण दुबळेपणाने; शिवाय कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी त्याने फळे पिकविण्यास मनाई केली आहे. इथिलीन वायूला २०१६ साली परवानगी मिळाली, ती हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत.