बुडालेले किल्ले आणि वाचलेली बोटं

डिसेंबर २०१५ मध्ये ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ नावाच्या संगणकीय खेळात मांजरं पटापट मरू लागली. कुणी त्यांना मारत नव्हतं, रोगराई नव्हती, उपासमारही नव्हती. मरण्याआधी ती ओकत मात्र होती. खेळाडूंनी आपापल्या मेलेल्या मांजरांची हकीगत तपशिलानं मांडली आणि खेळ घडवणाऱ्यानं त्यावरून धागा उलट दिशेनं उसवत नेला. खेळात नुकतेच गुत्ते आले होते. गुत्त्यात बुटके दारू पितात, थोडी सांडतात. सांडलेल्या दारूतून मांजर चालत जातं, पंजे भिजतात. मांजर स्वतःला चाटून स्वच्छ करतं, हेही खेळात आधीपासून होतंच. पण पंजावरचा ओलावा पोटात जाताना संगणक तो पेलाभर दारू म्हणून मोजत होता, आणि मांजराच्या अंगाच्या मानानं तेवढी दारू जीवघेणी होती. तीन निरुपद्रवी गोष्टी एकमेकींना भेटल्या आणि चौथी जीवघेणी गोष्ट जन्माला आली. कारखान्यातल्या अपघाताची उकल शिकवायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात बसून या खेळाकडे पाहावं असं वाटतं ते त्यामुळेच.

आधी खेळाबद्दल थोडं. तार्न आणि झॅक ॲडम्स हे अमेरिकी भाऊ २००२ पासून तो रचत आहेत. २००६ साली तो लोकांसमोर आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याची चित्रांनी सजवलेली विकत घ्यायची आवृत्ती निघाली. तोवर पडद्यावर अक्षरं आणि चिन्हंच दिसत, तरीही न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाला तो आपल्या संग्रहात घ्यावासा वाटला. सात बुटके, एक गाडा, थोडं धान्य, थोडी दारू आणि समोर डोंगर. डोंगर पोखरून वसाहत उभारायची, शेती करायची, भट्ट्या पेटवायच्या, राक्षसांचे वेढे परतवायचे. जिंकलो असं म्हणण्याची जागा या खेळात नाहीच. किल्ला कधी ना कधी बुडतो. खेळाडूंचं आवडतं वाक्य आहे की हरण्यातच मजा आहे, आणि ते मनापासून म्हणतात. कारण हरल्यावर खरा कार्यक्रम सुरू होतो तो हकीगत सांगण्याचा. विहीर खणताना भूजलाचा थर फुटला आणि कोठार बुडालं. नदीवर मासे धरायला गेलेल्या कोळ्यालाच माशानं ओढून नेलं, कारण सतत पोहून पोहून मासे पैलवान झाले होते. एका बुटक्याचा मित्र मेला, त्यानं रागाच्या भरात दुसऱ्याला मारलं, त्या दुसऱ्याचे मित्र पिसाळले, आणि शत्रू दारात यायच्या आधीच वसाहत आतून संपली. यातली सगळ्यात गाजलेली हकीगत ‘बोटमर्डर्ड’ या किल्ल्याची, २००६-०७ मधली. एकानं खेळातलं एक वर्ष राज्य करायचं आणि किल्ला पुढच्याच्या हवाली करायचा, असा तो रिले होता. प्रत्येक कारभारी आपल्या वर्षाची नोंद ठेवून जाई. हत्तींचे हल्ले, लाव्हा सोडण्याची कळ, आधीच्यानं काय अर्धवट ठेवलं याबद्दलची कुरकुर, सगळं त्यात आहे. ज्यांनी कुठल्याही कारखान्यात रात्रपाळीकडून सकाळपाळीनं काम ताब्यात घेतलेलं पाहिलं असेल, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही.

या हकीगतींची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. सांगणारा स्वतःची चूक लपवत नाही. उलट, कोणत्या क्षणी आपण आळस केला, कोणती भिंत उद्या बांधू म्हणून सोडली, कोणतं दार उघडं राहिलं, हे तो चवीनं सांगतो. गोष्टीत खलनायक सहसा नसतोच, कारणांची साखळी असते. ऐकणारा हसतो, पण हसता हसता त्याला आपल्या किल्ल्यातलं उघडं दार आठवतं. पराभव रंगवून सांगण्याची ही रीत मराठी माणसाला नवी नाही. खर्ड्याची लढाई आपण जिंकली, पण भाषेत रुजलं ते पानिपत. आजही कुणाचा धंदा बुडाला की त्याचं पानिपत झालं असंच आपण म्हणतो, आणि १७६१ साली कोणाचं काय चुकलं यावर अडीचशे वर्षं तावातावानं वाद घालतो. खुद्द चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं हा भुईकोट शाइस्ताखानाविरुद्ध सुमारे पंचावन्न दिवस झुंजवला, आणि शेवटी बुरुजाखाली सुरुंग उडाल्यावर तो पडला. हाही हरलेलाच किल्ला, आणि त्याची गोष्ट अजून सांगितली जाते.

आता त्याच चाकणच्या आजच्या भिंतींकडे वळू. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, आणि भोसरी-आकुर्डीच्या माळावर त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप उगवली. पुढे हा पसारा इंद्रायणी ओलांडून चाकणला गेला. २००९ पर्यंत फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे प्रकल्प तिथे उभे होते. गाडी या मोठ्या नावांची असली तरी तिचे ब्रॅकेट, बिजागऱ्या, पत्रे दाबून निघतात ते पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे, एखाद्या पॉवर प्रेसवर. डायमध्ये पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं, पंच खाली येतो, जॉब काढायचा, पुन्हा पत्रा. एका पाळीत हजारो वेळा. जुन्या प्रेसचा क्लच झिजलेला असेल तर एका पेडलवर पंच दोनदा खाली येतो. त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. दुसरा फटका येतो तेव्हा हात जॉब काढायला आत गेलेला असण्याची दाट शक्यता असते. म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालू नये अशी सोय असते. पण दोन बटणं म्हणजे वेळ जास्त. टार्गेट गाठायचं म्हणून एका बटणावर टेप चिकटवली जाते किंवा खुंटी ठोकली जाते. टेप, झिजलेला क्लच, पाळीचा शेवटचा तास. मांजरांसारखंच इथेही एकेकटं पाहिलं तर काहीच भयंकर दिसत नाही.

बोट तुटलं तर अपघात. थोडक्यात वाचलं तर त्याला आपल्याकडे सगळे ‘निअर मिस’ म्हणतात. हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकी विमातज्ज्ञानं १९३१ साली हिशेब मांडला होता, की एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि कुणालाच न लागलेले ३०० प्रसंग असतात. हे नेमकं प्रमाण पुढे अभ्यासकांनी फेटाळलं, आणि ते योग्यच केलं. कारखाना कोणताही असो, गुणोत्तर तेच, असं असूच शकत नाही. पण मूळ मुद्दा शाबूत आहे. बोट तुटण्याआधी ते अनेकदा वाचलेलं असतं. त्या वाचण्याच्या गोष्टी गोळा झाल्या तर तुटण्याची वेळ टळू शकते. माझं म्हणणं एवढंच आहे की या गोष्टी गोळा होण्यासाठी जी अट लागते ती एका करमणुकीच्या खेळानं सहज पाळली आहे आणि आपल्या औद्योगिक पट्ट्यानं, फलक आणि वह्या सगळं असूनही, बहुतेक ठिकाणी पाळलेली नाही. अट अशी, की खरं सांगणाऱ्याचं काही जाता कामा नये.

कारखान्याच्या फाटकावरचा तो फलक आठवून पाहा, ज्यावर ‘अपघाताविना दिवस’ असं लिहून आकडा बदलायची सोय असते. हेतू चांगलाच आहे. पण आकडा ३६४ वर असताना एखाद्याच्या तळव्याला चीर गेली तर तो काय करेल? रुमाल बांधून गप्प बसेल. सांगितलं तर आकडा शून्यावर, लाइनवरच्या सगळ्यांची बक्षिसाची मिठाई गेली आणि वर सुपरवायझरचा प्रश्न, ‘लक्ष कुठे होतं?’ फलक अपघात मोजतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो मौनाला बक्षीस देतो. ठेकेदाराकडच्या पोराची अडचण आणखी मोठी. मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून तो आलेला असतो. खरं सांगितल्याबद्दल त्याला नोटीस द्यायचीसुद्धा गरज नसते, दुसऱ्या दिवशी फाटकावर नाव पुकारलं नाही की काम झालं. कायद्याचा रोखही दुखापतीकडेच राहिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं मृत्यू आणि ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ न देणारी दुखापत कळवण्याची सक्ती केली, ती आवश्यकच होती. वाचलेलं बोट त्या सक्तीच्या बाहेर राहिलं, ते व्यवस्थापनाच्या खुशीवर.

अपघाताची गोष्ट कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेली नाही तर काय होतं, याचा धडा विमानवाहतुकीनं फार महाग घेतला. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. चौकशीत कळलं की सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, सूचनेचा तसाच चुकीचा अर्थ लावल्यामुळे, आदळता आदळता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. दुसऱ्या कंपनीला कळण्याची वाटच नव्हती. त्यानंतर १९७६ पासून अमेरिकेत ‘नासा’कडे एक व्यवस्था आली. चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग दहा दिवसांत कळवायचा, कळवणाऱ्याचं नाव काढून टाकलं जातं, आणि चूक जाणूनबुजून केलेली किंवा गुन्हा नसेल तर त्याला नियमभंगाच्या दंडातून सूट मिळू शकते. व्यवस्था नासाकडे का? परवाना रद्द करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याच्याशी माणूस खरं बोलणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

इथे हरकत येणार, आणि ती यायलाच हवी. पडद्यावरचा बुटका मेला तर नवा बुटका येतो, भोसरीत तुटलेलं बोट परत येत नाही. मरणाच्या गोष्टींवर हसणाऱ्या लोकांकडून कामगारांच्या सुरक्षेचे धडे कसले घ्यायचे? हसणं उचलायचं नाहीच. शिवाय खेळाडू इतकं मोकळं बोलतात ते त्यांच्या बोलण्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही म्हणून, हेही खरं. पण हाच तर मुद्दा आहे. ते आपल्याहून प्रामाणिक आहेत असं मानायचं कारण नाही. त्यांच्या चुकीवर पगार, कायमपणा, ठेकेदाराची मर्जी टांगलेली नसते. भीती काढून घेतली की सामान्य माणूस आपल्या चुकीची केवढी बारीक, साखळी दाखवणारी हकीगत सांगू शकतो, याचा हा आयता प्रयोग आहे. निअर मिसच्या वहीत तीन शब्दांत ‘पाय घसरला, दक्षता’ असं लिहिणाऱ्या माणसाला लिहिता येत नाही असं नसतं. त्याला जास्त लिहायचं नसतं.

दुसरी हरकत अधिक व्यवहारी. सांगणाऱ्याला माफी दिली तर बेशिस्त वाढेल, टेप लावणारा उद्या दोन टेपा लावेल. ही भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकी व्यवस्थेनंही जाणूनबुजून केलेल्या कृत्याला माफी दिली नाही आणि कुणी देऊही नये. मात्र टेप कोणी चिकटवली हे विचारून थांबलं तर उत्तर मिळतं एका मुलाचं नाव, आणि त्याच्या जागी आलेला दुसरा मुलगा आठवड्याभरात तीच टेप चिकटवतो. टेप का लागली असं विचारलं तर तासाचं टार्गेट आणि प्रेसची गती यांचा मेळ नाही हे कळतं. जपानी पद्धतीचे ‘पाच का’ या पट्ट्यातल्या कित्येक लाइनवर भिंतीला लावलेले असतात. फक्त बहुतेकदा पहिल्या ‘का’चं उत्तर ‘ऑपरेटरची चूक’ असं येतं आणि उरलेले चार कागदावर भरून टाकले जातात.

मोठ्या कंपन्यांत हे सगळं चांगलं चालतं, असंही म्हटलं जाईल. काही ठिकाणी चालतंही, ते मान्य करायला हवं. पण बोटं मुख्यत्वे तिथे तुटत नाहीत. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहनउद्योगातल्या जखमी कामगारांवर ‘क्रश्ड’ या नावानं अहवाल काढते. हरियाणातल्या मानेसर-गुरुग्रामपासून तिनं सुरुवात केली, पुढे इतर राज्यांकडेही पाहिलं. तिथे दिसतं ते असं, की चेंगरलेल्या बोटांचा मोठा वाटा पॉवर प्रेसवर आणि पुरवठा साखळीच्या खालच्या थरांत आहे, आणि पुष्कळांना ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड हातात पडतं ते अपघात झाल्यावर. त्याहून खाली असलेल्या शेडबद्दल तर विचारायलाच नको. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडला आग लागली. तिथे काम करणाऱ्या मुख्यत्वे बायका होत्या. सहा जणी त्याच दिवशी गेल्या आणि पुढच्या दिवसांत हा आकडा वाढत गेला. अशा शेडमध्ये आधी कधी ठिणगी उडून विझली असेल तर ते सांगायला ना वही, ना ऐकणारं कुणी.

म्हणून ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येईल तेव्हा भोसरी, तळवडे, निघोजे, महाळुंगे इथल्या उद्योजकांनी आणि त्यांच्या संघटनांनी घोषवाक्यांची स्पर्धा एक वर्ष बाजूला ठेवावी. त्याऐवजी वाचलेल्या बोटांच्या हकीगती मागवाव्यात. कंपनीचं नाव नको, माणसाचं नाव नको, मराठीत, हिंदीत, लिहिता येत नसेल तर बोलून. आधी काय चाललं होतं, कोणती सोय बंद केली होती, का केली होती, हे सगळं सविस्तर. आलेल्या हकीगती एकाच्या फाटकात न ठेवता पट्ट्यातल्या सगळ्या प्रेसशॉपमध्ये वाचून दाखवाव्यात. आणि पहिली हकीगत मालकानं स्वतःची सांगावी.