सामान्य समुपदेशक आणि मानसोपचार : गोवे व विदर्भ येथील प्रयोगांचा विचार

मानसिक व्याधींवर उपाय ज्ञात नाहीत म्हणून रोगी उपचारावाचून राहतात, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. महाराष्ट्राचा तीत समावेश नव्हता. या पाहणीत १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती मानसिक विकाराने पीडित आढळल्या. आणि विषण्णता, चिंता यांसारख्या सामान्य विकारांचे सुमारे ८५ टक्के रोगी उपचारापासून वंचित होते. उपाय आहेत, परंतु ते करणारे तज्ज्ञ थोडे आणि तेही मोठ्या शहरांत एकवटलेले. तेव्हा तज्ज्ञाच्या कार्यातील कोणता भाग इतरांस शिकविता येईल, हा खरा प्रश्न होय.

हा प्रश्न अगदी नवा नाही. १९७५ च्या सुमारास हरियाणातील रायपूर राणी व बंगळूरनजीकचे साकलवाडा येथे ग्रामीण आरोग्यसेवकांमार्फत मानसोपचार पोहोचविण्याचे प्रयोग झाले, आणि १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तथापि त्यांचा भर मुख्यतः तीव्र व्याधी व औषधे यांवर होता. संभाषणाच्या द्वारे करावयाचा उपचार सामान्य मनुष्य करू शकेल काय, याची कसोशीने परीक्षा झाली ती गोव्यात. १९९६ साली तेथे स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेतील डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी हे कार्य हाती घेतले.

त्यांच्या ‘मानस’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १२ सरकारी आरोग्य केंद्रे व १२ खासगी दवाखाने निवडून त्यांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. एका गटात प्रशिक्षित सामान्य समुपदेशक नेमले. दुसऱ्या गटातील डॉक्टरांस केवळ चाचणीचा निकाल व उपचारपुस्तिका देण्यात आली. सहा महिन्यांनंतर सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या गटातील ६५.९ टक्के रोगी बरे झाले होते, तर दुसऱ्या गटातील ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र हे प्रमाण अनुक्रमे ६४.१ व ६५.९ टक्के होते. म्हणजे समुपदेशकामुळे काहीच फरक पडला नाही.

अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे ते या दुसऱ्या निष्कर्षाकडे. तो प्रयोगाचे अपयश नसून त्याचे मर्म दाखवितो. खासगी डॉक्टर बहुधा रोग्याच्या ओळखीचा असतो, तोच तो पुनःपुन्हा भेटतो व विचारपूस करतो. सरकारी केंद्रातील गर्दीत हे घडत नाही. जेथे आपुलकीने ऐकणारे कोणी नव्हते, तेथेच समुपदेशकाचा उपयोग झाला, असे अनुमान यावरून काढता येते. निदान डॉक्टरांस कळविणे एवढ्याने काम भागत नाही, हेही त्यातून दिसते.

पुढील प्रयोगात तीव्र विषण्णतेच्या रोग्यांचा विचार झाला. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ प्रौढ त्यात सहभागी होते. विषण्ण मनुष्य कामे टाळतो, टाळल्यामुळे समाधान दुरावते, आणि त्यामुळे विषण्णता वाढते. हे चक्र तोडण्यासाठी त्यास लहान लहान, अर्थपूर्ण कृतींकडे वळविणे, हे या उपचाराचे सूत्र. सहा ते आठ भेटींत हे करावयाचे असे. तीन महिन्यांनी समुपदेशन लाभलेल्यांपैकी ६४ टक्के, तर इतरांपैकी ३९ टक्के रोगी विषण्णतेतून बाहेर आले. समुपदेशक एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यांस गुण देत. पर्यवेक्षणाचा मोठा भार अशा रीतीने त्यांनीच उचलला.

आरोग्य केंद्रापर्यंत न येणाऱ्यांचे काय? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने याचे उत्तर शोधले. गावातील कार्यकर्ते घरोघर व सभांतून बोलत. दीड वर्षात विषण्णतेसाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. मात्र येथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवावयास हवे. झिंबाब्वेतील हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी वयस्क स्त्रियांस बाकावर बसवून जो उपक्रम चालविला, त्याची यादृच्छिक परीक्षा २०१६ साली प्रसिद्ध झाली व तीही अनुकूल ठरली. तेथे व्याधीचे नाव न घेता ‘अति विचार करणे’ या अर्थाचा लोकभाषेतील शब्द वापरतात. आपल्याकडेही ‘टेन्शन’ वा ‘जिवाला घोर’ म्हणून आलेला मनुष्य ‘मनोरुग्ण’ हे नाव लागताच परत फिरतो.

अंधेरीसारख्या उपनगरास हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही. येथे वस्तीतील खासगी दवाखाना व महापालिकेचा दवाखाना शेजारी-शेजारी चालतात, आणि रोगी आज एकाकडे तर उद्या दुसऱ्याकडे जातो. गोव्यात दिसलेला फरक येथे टिकतो काय, स्थलांतरित कामगारास ओळखीचा डॉक्टर लाभतो काय, हे तपासावे लागेल. तसेच, सामान्य समुपदेशकाच्या यशाचा अर्थ तज्ज्ञ अनावश्यक आहेत असा नव्हे. प्रशिक्षण, देखरेख व तीव्र रोग्यांची जबाबदारी त्यांच्याकडेच राहते. या सेवेस योग्य वेतन व स्थैर्य न मिळाल्यास प्रयोग संपताच तीही संपेल. उपचार परिणामकारक आहे हे सिद्ध झाले. तो टिकवावा कसा, हे सिद्ध करणे पुढील संशोधकांकडे आहे.