उघड्या दाराच्या चाली

सोनईहून शिंगणापूरला जाताना पिशवीत आजोबांच्या ट्रंकेतली 'संगीत सौभद्र'ची प्रत होती. बाइंडिंग सुटलेलं, पानांना तंबाखूचा वास. शनिदेवाच्या काळ्या शिळेचं दर्शन घेतलं आणि रसवंतीच्या बाकावर बसून ती चाळू लागलो. समोरच्या घराला चौकट होती, कवाड नव्हतं. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून आडवी लावायची फळी भिंतीला टेकवून ठेवलेली. इथे चोरी केली तर शनी सोडत नाही, ही गावाची समजूत. २०११ साली उघडलेल्या बँकेच्या शाखेनंही दाराला कुलूप घातलं नव्हतं.

मांडीवरच्या पुस्तकातही तसाच बिनकुलपी कारभार. पदाच्या डोक्यावर कंसात, बारीक टायपात 'चाल' असं छापलेलं आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे सुरुवातीचे शब्द. म्हणजे माल कुठून आणला ते दुकानदारानंच पाटीवर लिहून ठेवायचं! आमच्या संगीतकारांची हुशारी मला नेहमी या कंसात दिसते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळींचं 'इंद्रसभा' पाहिलं आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. साक्या-दिंड्या कीर्तनातल्या, काही चाली कानडी मुलखातल्या. गुर्लहोसूरचा माणूस, त्याला कानडी परकी कशी वाटावी? शकुंतला कण्वाश्रमातून निघाली तरी गाणं प्रेक्षकाच्या ओसरीवरचं होतं, म्हणून तर माणसं ते गुणगुणतच घरी गेली. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं.

खरा खोडकर मात्र गोविंदराव टेंबे. कोल्हापूरचा हा पेटीवाला भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात मुरलेला, अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्यावर जीव टाकणारा. १९११ साली किर्लोस्कर मंडळीनं काकासाहेब खाडिलकरांचं 'मानापमान' करायला घेतलं, तेव्हा टेंब्यांनी पूर्वेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली पुढे ठेवल्या. शब्द नंतर आले, चालीच्या मापानं. आता गंमत बघा. खाडिलकर म्हणजे 'केसरी'चे, टिळकांच्या तालमीतले. शब्द जडशीळ, संस्कृताच्या चिलखतातले. आणि खाली लचकत चाललेली पूरब अंगाची चाल. हे लग्न टिकायला नको होतं. पण टेंब्यांनी ओळखलं असावं की नायिका भामिनी झालेल्या बालगंधर्वांच्या गळ्यात शब्दाचा अर्थ कळायच्या आत त्याचा नखरा कळतो. भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात गरीब सेनापतीचा अपमान करते, आणि चाल मात्र आधीच त्याच्या बाजूला जाऊन बसलेली असते. नाटक पाच अंक खर्चून जे सिद्ध करतं ते पेटीनं पहिल्या पदात सांगून टाकलेलं. याला मी विनोद म्हणतो. पुढे टेंबे 'अयोध्येचा राजा' या १९३२ सालच्या बोलपटात खुद्द हरिश्चंद्र झाले. संगीत त्यांचंच. 'माझा संगीत-व्यासंग', 'माझा जीवनविहार' ही त्यांची पुस्तकं वाचली की कळतं, हा माणूस दुसऱ्याचं ऋण सांगताना कधीच आखडता हात घेत नाही.

भास्करबुवांनी 'स्वयंवर'मध्ये (१९१६) ख्यालाच्या बंदिशीच रंगमंचावर उतरवल्या. तिथून वन्समोअरचा पूर लोटला आणि रात्र उजाडेस्तोवर लांबली. या पुराला बांध घातला तो केशवराव भोळ्यांनी. 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) मध्ये पदं मोजकीच, तीही प्रसंगाच्या मापाची. भोळे स्वतः तिखट समीक्षक, 'एकलव्य' या नावानं लिहीत. टीकाकारानं चाल बांधायला घेतली की पहिली कात्री स्वतःवरच चालते.

भास्कर चंदावरकरांचा विनोद काळा. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची रांग देवाचं नाव घेत डोलते आणि तिच्याआड बावनखणीतली, कलावंतिणींच्या वस्तीतली, ऐष चालते. भजनाची लय कधी लावणीत घुसली, हे कळेपर्यंत आपलाही पाय ठेका धरून बसलेला असतो. चोर पकडला जातो तो प्रेक्षकांत.

जितेंद्र अभिषेकी मुद्दाम शेवटी ठेवले. मंगेशीचे हे बुवा एका घराण्याच्या दारात कधी थांबलेच नाहीत. जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकले, अझमत हुसेनखाँकडेही शिकले. त्यांचं रागदारीत रंगलेलं 'मत्स्यगंधा' १९६४ चं. मग 'लेकुरे उदंड जाली'त पात्रं बोलता बोलता गाण्यात शिरतात, आलापीला वावच नाही. हा त्याच माणसाचा हात, हे पटायला वेळ लागतो. आणि १९६७ च्या डिसेंबरात दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली'. अख्खं नाटकच विद्येच्या चोरीवर उभं. त्यातला तरुण सदाशिव नाटकातल्या खाँसाहेबांच्या हवेलीत शिरून चोरून त्यांची गायकी टिपतो, आणि खाँसाहेबांच्या कमरेला एक खून माफ असलेली कट्यार. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी, त्यांचं गाणं एका वळणाचं, खाँसाहेबांचं दुसऱ्या, आणि दोन्ही एकाच संगीतकारानं घडवायची! बाल्कनीतल्या प्रेक्षकालाही घराणं बदललेलं ऐकू आलं पाहिजे. वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातून ते आलं.

ही चोरी मात्र कंसात छापता येत नाही. चालीच्या डोक्यावर मूळ गाणं लिहिता येतं. गायकी कुठून आणली ते कुठल्या टायपात बसवणार?

रसवाल्यानं पेला उचलला आणि पुस्तकाकडे मान वळवून विचारलं, "पोथी काय दादा?" म्हटलं, नाटक आहे. गल्ला उघडाच टाकून तो ऊस आणायला मागे गेला.