घडीची सायकल : किंमत आणि मोल

सावेडीहून कापड बाजारात पेढीवर जाणाऱ्यास घडीची सायकल सोयीची. ती दुकानातच कोपऱ्यात मावते. १९७५ च्या सुमारास लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी ‘ब्रॉम्प्टन’ची कल्पना मांडली, तिची चाके अवघी १६ इंचांची. स्वस्त सायकलीची खरी कसोटी मात्र बिजागरीत असते, कारण सांगाडा तिथेच दुभंगतो आणि स्वाराचा भारही तिथे येतो. पुढचा ब्रेक दाबून, बिजागरीवर बोट ठेवून सायकल मागेपुढे हलवावी. सांधा हलल्यास ती घेऊ नये. खटक्याला दुसरा अटकाव असावा.

आता हिशेब. ९,००० रुपयांची सायकल ३ वर्षांत निकामी झाली, तर वर्षाला ३,००० रुपये पडले. २०,००० रुपयांची १० वर्षे टिकली, तर २,०००च. अपरिग्रह मानणाऱ्या घरात वारंवार टाकाव्या लागणाऱ्या वस्तूंपेक्षा टिकणारी एकच वस्तू शोभते.