केस गळतायत की तुटतायत? खराब झालेले केस धुण्याची आणि जपण्याची पद्धत

लालबाग-परळ भागात दवाखाना चालवताना एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. एखादी तरुणी पर्समधून प्लास्टिकची छोटी पिशवी काढून टेबलावर ठेवते. आत केसांचा पुंजका असतो. "डॉक्टर, हे फक्त काल सकाळचे. टक्कल पडणार मला." सोबत आई असेल तर तिचे निदान तयारच असते, "इकडचं पाणीच खराब आहे. गावाला असताना काय केस होते हिचे!"

मी ते केस पांढऱ्या कागदावर पसरते. पुष्कळदा त्यातले निम्म्याहून अधिक केस बोटभर लांबीचे असतात आणि दोन्ही टोकांना सारखेच दिसतात. असे केस मुळापासून गळलेले नसतात, ते मधेच तुटलेले असतात. मग विचारल्यावर कळते की चार महिन्यांपूर्वी बहिणीच्या लग्नाआधी स्मूदनिंग केले, त्याआधी हायलाइट्स होते आणि रोज सकाळी इस्त्री फिरते. तोवर बायोटिनच्या गोळ्या, कांद्याचे तेल आणि महागडे सीरम यांवर बरेच पैसे खर्च झालेले असतात. हे सगळे उपाय मुळांसाठी आहेत असे सांगून विकले जातात. तुटणाऱ्या केसाला त्यांचा उपयोग नाही.

म्हणून खर्च करण्याआधी हा फरक तुम्ही घरी स्वतः तपासून पाहा. कंगव्यात आलेला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, दिसला तर तो मुळातून आलेला केस. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणे सर्वांच्याच बाबतीत स्वाभाविक आहे. ठिपका नसेल आणि केस आखूड असेल तर तो तुटलेला. मुळातून येणारे केस एकाएकी खूप वाढले तर मागच्या दोन-तीन महिन्यांत काय झाले ते आठवा. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा कडक डाएट यांनंतर असे होते. मुंबईत पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेलेले कितीतरी जण दिवाळीच्या सुमारास केस गळतात म्हणून येतात. ताप विसरलेला असतो, केसांनी तो लक्षात ठेवलेला असतो. हे गळणे बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते.

हा लेख मात्र तुटणाऱ्या, कोरड्या, राठ झालेल्या केसांबद्दल आहे.

केस खराब होतो म्हणजे नेमके काय होते?

डोक्याबाहेर दिसणारा केस जिवंत नसतो. त्यात रक्त नाही, पेशींची दुरुस्ती नाही. मधला गाभा केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्यावर कौलारू घराच्या कौलांसारखी एकावर एक सरकलेली पातळ खवल्यांची आवरणे असतात. खवल्यांच्या वर एक अतिशय पातळ स्निग्ध थर असतो. त्यामुळे पाणी सहजासहजी आत शिरत नाही आणि केस एकमेकांवरून घसरतात. ब्लीच, कायमस्वरूपी रंग, स्ट्रेटनिंगची रसायने हा थर काढून टाकतात. मग खवले उचकटतात, केस पाणी शोषून फुगतो, वाळताना आकसतो आणि प्रत्येक धुण्याला थोडे थोडे प्रथिन गमावतो. इस्त्रीचे नुकसान आणखी वेगळे. केस किंचितही ओला असताना दोनशे अंशांच्या आसपास तापलेली पट्टी फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या आत अक्षरशः बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. अशा ठिकाणी केस मोडतोच.

आता जरा कटू वाटेल अशी गोष्ट. फाटलेले टोक पुन्हा जोडणारे कोणतेही तेल, मास्क किंवा 'रिपेअर' उत्पादन नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तुमचे केस ६० सेंटिमीटर लांब असतील तर टोकाचा भाग जवळपास पाच वर्षांचा आहे. पाच उन्हाळे, पाच पावसाळे आणि घरातली सगळी लग्ने त्याने पाहिली आहेत. खराब भाग वाढून, कापून निघून जाईपर्यंत त्याला तुटू न देणे आणि नव्याने येणाऱ्या केसांची तीच गत होऊ न देणे, एवढेच आपल्या हातात आहे. पण ते नीट केले तर पाच-सहा महिन्यांत फरक दिसतो.

पाण्याचा काय दोष?

आईच्या निदानाबद्दल बोलायलाच हवे, कारण 'मुंबईच्या पाण्याने केस जातात' हे मी रोज ऐकते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथे महापालिकेच्या नळाला येणारे पाणी भातसा, तानसा, वैतरणा या खोऱ्यांतले, म्हणजे धरणांत साठलेले पावसाचे पाणी आहे. ते मुळात मऊ असते. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कमी असतात. निर्जंतुकीकरणासाठी घातलेल्या क्लोरीनचे नळापर्यंत येणारे प्रमाणही इतके थोडे असते की त्याने केस खराब होत नाहीत. गावाकडच्या बोअरवेलचे पाणी यापेक्षा जास्त जड असण्याचीच शक्यता अधिक.

अपवाद आहेत. पाणीकपातीच्या दिवसांत सोसायटीने टँकर मागवला, किंवा इमारतीच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी टाकीत मिसळले तर ते जड आणि समुद्र जवळ असल्याने खारटही असू शकते. ओळख सोपी आहे: बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, केस धुतल्यावर चिकट-राठ लागतात. असे असेल तर निदान शेवटचे दोन तांबे नळाचे साठवलेले पाणी वापरा. एवढे पुरते. महागडा शॉवर फिल्टर घेण्याआधी वॉचमनला विचारा की टाकीत पाणी कुठले भरतात.

धुण्याआधी: तेल

आजीचे म्हणणे इथे बरोबर ठरले आहे, आणि ते सिद्ध करणारा अभ्यास मुंबईतलाच आहे. आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये तो प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि मिनरल ऑइल यांची त्यांनी तुलना केली. केसांतून निघून जाणारे प्रथिन फक्त खोबरेल तेलाने कमी झाले, चांगल्या केसांतही आणि ब्लीच वगैरेने खराब झालेल्या केसांतही. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर असते. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो आणि केस पाण्याने फुगणे कमी करतो. दोन्ही संशोधक मॅरिको कंपनीचे होते आणि मॅरिको खोबरेल तेलच विकते, हे लक्षात ठेवून हा अभ्यास वाचायला हवा. तो प्रयोगशाळेत केसांच्या बटांवर केलेला आहे. तरीही कारणमीमांसा पटण्यासारखी आहे आणि तेल स्वस्त आहे, त्यामुळे मी ते सुचवते.

पद्धत अशी. धुण्याच्या आदल्या रात्री, किंवा निदान तासभर आधी, थोडे खोबरेल तेल केसांच्या मध्यापासून टोकापर्यंत लावा. डोक्यावर थापण्याची गरज नाही. कोंडा असेल तर टाळूला तेल लावूच नका, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी तेलावरच वाढते. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून वर वर जात गुंता सोडवा. गुंता धुण्याआधीच सुटला पाहिजे.

शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना

मळ, घाम आणि तेल टाळूवर असते, म्हणून शाम्पू टाळूला लावायचा. पुडीतला शाम्पू तांब्याभर पाण्यात कालवून घेतला तर एका जागी जास्त पडत नाही. बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. लांब केसांवरून नुसता फेस वाहू द्या. सगळे केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळणे हे तुटण्याचे एक मोठे कारण आहे. अंगाचा साबण केसांना नकोच. तो अल्कधर्मी असतो, त्याने खवले उघडतात आणि केस एकमेकांत अडकतात. शिकेकाई सौम्य आम्लधर्मी असल्याने त्या बाबतीत साबणापेक्षा बरी, पण घरी कुटलेली भरड पूड आधीच राठ झालेल्या केसांवर घासू नका. उकळून, गाळून वापरा.

शाम्पूही सगळे सारखे नसतात. ब्राझीलमधील डॉक्टरांनी २०१४ मध्ये १२३ शाम्पूंचा पीएच मोजला. साठ टक्क्यांहून अधिक शाम्पूंचा पीएच ५.५ च्या वर होता, म्हणजे टाळूच्या नैसर्गिक पातळीपेक्षा जास्त. बाटलीवर पीएच क्वचितच छापलेला असतो, त्यामुळे रंगवलेल्या किंवा कोरड्या केसांसाठीचा सौम्य शाम्पू निवडा आणि त्यानंतर कंडिशनर चुकवू नका.

कंडिशनर हा चैनीचा प्रकार आहे असे अजून पुष्कळांना वाटते. खराब केसांच्या बाबतीत मला तो शाम्पूपेक्षा महत्त्वाचा वाटतो. खवले निघालेल्या जागी केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो. कंडिशनरमधील घटकांवर धन भार असतो, म्हणून जिथे नुकसान जास्त तिथेच तो जास्त चिकटतो. गेलेल्या स्निग्ध थराचे काम तो पुढच्या धुण्यापर्यंत तात्पुरते करतो. घटकांच्या यादीत बेहेन्ट्रिमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा ॲमोडायमेथिकोन यांपैकी काही असले की पुरे. ते स्वस्त पुडीतही असते. केसांतले पाणी हलके पिळून काढा, कानाच्या खालच्या भागापासून टोकापर्यंत कंडिशनर लावा, बोटांनी विंचरल्यासारखे करा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि धुऊन टाका. टाळूला लावला तर केस चपटे, तेलकट दिसतात आणि मग 'मला कंडिशनर सोसत नाही' असा समज होतो.

अंडे, दही यांचे काय? अंड्यातल्या प्रथिनाचा रेणू केसात शिरण्याइतका लहान नसतो. लावल्याने नुकसान नाही, पण अंड्याचे आम्लेट करून खाल्लेले जास्त बरे.

किती वेळा धुवावे? मुंबईच्या घामात आठवड्यातून दोन-तीनदा. केस गळतील या भीतीने दहा-दहा दिवस न धुणाऱ्यांच्या वेणीत गळलेले केस अडकून राहतात आणि धुण्याच्या दिवशी एकदम हातात येतात. तो हिशोब दहा दिवसांचा असतो.

ओले केस आणि सकाळची गाडी

चाळीत पाण्याची वेळ ठरलेली. सहाला मोरीत केस धुवायचे, पंच्याने झटकून, ओलेच क्लिपमध्ये अडकवायचे आणि करी रोडहून गाडी पकडायची. हा दिनक्रम मी स्वतः अनेक वर्षे केला आहे. पण ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो. तो जास्त ताणला जातो आणि खराब केस त्या ताणाखाली तुटतो. पंच्याने फटके मारून केस झटकण्याची पद्धत सोडा. जुन्या सुती साडीच्या किंवा टी-शर्टच्या कापडात केस गुंडाळून दाबून पाणी टिपा. शक्य असेल तर केस रात्री धुवा, पंख्याखाली वाळवा. सकाळीच धुवायचे असतील तर ड्रायर कोमट ठेवून वीतभर अंतरावरून फिरवलेला चालतो. ओले केस घट्ट बांधण्यापेक्षा ते बरे. गाडीत दाराशी उभे राहायचे असेल तर सैल वेणी घाला, कारण वाऱ्याने झालेला गुंता घरी गेल्यावर ओढूनच सुटतो.

शिवाजी पार्कच्या तरणतलावावर जात असाल तर उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवा, थोडे तेल किंवा कंडिशनर लावा आणि टोपी घाला. आधीच भिजलेला केस क्लोरीनचे पाणी कमी शोषतो. विसर्जन मिरवणुकीतला गुलालही तसाच. आधी तेल लावून वेणी घाला, वर रुमाल बांधा. घरी आल्यावर कोरडा गुलाल झटकून काढा, मगच पाणी घाला.

पार्लरमध्ये जाण्याआधी

धुण्याची पद्धत सुधारली आणि दर सहा महिन्यांनी स्मूदनिंग चालूच राहिले, तर उपयोग नाही. पण इथे प्रश्न केसांपुरता राहत नाही. केराटिन किंवा स्मूदनिंगच्या काही द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतो किंवा तापवल्यावर बाहेर पडतो, आणि त्याचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' लिहिलेल्या अनेक उत्पादनांत त्याऐवजी ग्लायॉक्सिलिक ॲसिड असते. फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २६ वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत दिली. तिने तीन वेळा स्ट्रेटनिंग केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. वापरलेल्या क्रीममध्ये ग्लायॉक्सिलिक ॲसिड होते. उंदरांवर तेच क्रीम लावून पाहिल्यावर मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले.

असे प्रत्येकीला होत नाही. पण बाटली मागून घटक वाचणे हा तुमचा हक्क आहे. दाखवायला नकार दिला तर उठून या. मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण किंवा टाळूवर जखम असेल तर हे उपचार करूच नका. केल्यानंतर एक-दोन दिवसांत उलट्या, कंबरेत-पाठीत दुखणे, लघवी कमी होणे असे काही झाले तर पित्त समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, केसांवर काय लावले होते ते आवर्जून सांगा आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या.

टाळूवर नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, पू, खूप खाज किंवा भांग रुंद होत जाणे दिसले तर कंडिशनर बदलत बसू नका. केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाताना केसांची पिशवी न्यायला हरकत नाही. फक्त आदल्या रात्री तेल लावू नका, टाळू नीट दिसत नाही.