बंदर आणि घाट

बंदराची थोरवी समुद्रावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु बंदराचें खरें जीवित त्याच्या पाठीमागील वाटेंत असतें. आणि कर्जत-खालापूरच्या रहिवाशांस ही गोष्ट घरच्या अंगणांत पाहावयास सांपडते.

पनवेल हें आमचें जवळचें जुनें बंदर. मुंबईचीं गलबतें भरतीबरोबर पनवेलच्या खाडींत शिरत, आणि उतारू तेथून चौक, खालापूर, खोपोली या मार्गानें बोरघाट चढून पुण्यास जात. १७७८ च्या अखेरीस पुण्यावर निघालेली इंग्रज फौजही पनवेलीसच उतरली होती. पुढें १७७९ च्या जानेवारींत वडगांवीं तिला तह करावा लागला. खोपोलीचा नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव या वहिवाटीचीच आठवण होय. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत घाटांतून गाडीरस्ता खुला झाला, आणि देशावरचा कापूस खालीं पनवेलीस येऊं लागला.

१८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली; पण पुढें खंडाळ्यापर्यंत उतारूंस पालखी, तट्टू अथवा बैलगाडी यांचाच आधार असे. मग पळसदरीहून घाट फोडून लोहमार्ग वर नेण्यांत आला. पंचवीस बोगद्यांच्या या कामावर एके काळीं चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांतील कित्येक हजार मरण पावले. त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. १४ मे १८६३ रोजीं हा मार्ग सुरू झाला. मुंबईचा माल आतां परभारें वर जाऊं लागला, आणि पनवेलचें बंदर ओसरलें. खोपोली आडबाजूस पडली. उलट, चढासाठीं जादा इंजिनें जोडण्याचें ठिकाण झाल्यामुळें कर्जत नांवारूपास आलें.

असाच प्रकार दूर जपानांत उत्तरेकडील हाकोदाते बंदराचा झाला. १८५४ च्या तहानें तें परदेशी जहाजांस खुलें झालें, आणि १९०८ पासून रेल्वेच्या आगबोटी आओमोरी व हाकोदाते यांमधील सामुद्रधुनी ओलांडूं लागल्या. १९५४ च्या तुफानांत तोया मारू ही आगबोट बुडून अकराशेंवर माणसें दगावलीं. त्यानंतर समुद्रतळाखालून सुमारें ५४ किलोमीटरांचा बोगदा खोदण्याच्या विचारास जोर आला. १९८८ सालीं तो खुला होतांच रेल्वेच्या आगबोटी बंद झाल्या. प्रवास निर्धास्त झाला, पण धक्क्यावरची वर्दळ गेली.

वाट पुन्हां वळते, हेंही ध्यानांत ठेवावें. १९८९ सालीं पनवेलनजीक न्हावाशेवा बंदर सुरू झालें, आणि २००२ पासून मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यांतून अखंड वाहत आहे. ही सोय आम्हांस हवीच. परंतु नवी वाट आंखणारानें जुन्या वाटेवरील गाडीवान, हमाल व खलाशी यांच्या चुलींचाही विचार करावा. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढेंमागें इंजिनिअर झाला, तर त्यानें एवढें विसरूं नये, इतकीच आमची इच्छा आहे.