मे महिन्यात टिकेल तोच वेग
संगणकाच्या अंतरंगात : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण ग्राफिक्स कार्डाची रचना पाहिली : चिप, तिच्याभोवतीची मेमरी, दोघींना वीज पुरवणारा भाग आणि वर बसवलेला हीटसिंक व पंखे. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हे कार्ड जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. गेम खेळणाऱ्यांना त्याचे आकर्षण असतेच. पण लग्नसराईत रात्ररात्र व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ आणि प्रोजेक्टसाठी मॉडेल चालवणारे लोणी, संगमनेर, कोपरगावचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांनाही थोडा फुकटचा वेग हवासा वाटतो.

वेग वाढवायला दोन मिनिटे पुरतात. तो टिकतो का, हे पाहायला काही दिवस लागतात आणि खरे काम तेच आहे. ते आपल्या हवेत, आपल्या विजेवर करावे लागते.

उष्णतेचा हिशेब

चिप जी वीज खाते ती साधारणपणे क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नुसता क्लॉक ५ टक्के वाढवला तर विजेतली वाढही ५ टक्क्यांच्या आसपास राहते. त्यासाठी व्होल्टेजही ५ टक्के चढवावे लागले, तर ती जवळजवळ १६ टक्क्यांवर जाते. ही सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच येते.

आता खोलीकडे पाहू. पंख्याची गती आणि कार्डावरचा भार तोच असेल, तर कार्ड खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहते. समजा, डिसेंबरच्या रात्री खोलीत २५ अंश आणि कार्डावर ६८ अंश आहेत. फरक ४३ अंशांचा. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश असतील तेव्हा तेच कार्ड ८३ अंशांना पोचेल. अनेक जीफोर्स कार्डे याच तापमानाच्या आसपास स्वतःहून वेग कमी करू लागतात.

नगर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. हिवाळ्यात राज्यातल्या गारठलेल्या शहरांत त्याचे नाव येते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ आहे. तितक्याच वेगाने फिरणारा पंखा इथे किंचित कमी उष्णता वाहून नेतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गळीत हंगामातली काजळी आणि एरवीची धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसते, ती वेगळीच. म्हणून पहिले काम सॉफ्टवेअरचे नाही. संगणक बंद करून प्लग काढा, पंखा बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने धूळ उडवा, कॅबिनेटमध्ये हवा येण्याजाण्याचा मार्ग मोकळा करा.

एका वेळी एकच गोष्ट

आधी मूळ स्थितीची नोंद वहीत करा : खोलीचे तापमान, कार्डाचे तापमान, भाराखालचा क्लॉक, बेंचमार्कचा स्कोअर. आकडे पाहायला जीपीयू-झेड आणि बदल करायला एमएसआय आफ्टरबर्नर पुरेसे आहे. बेंचमार्कसाठी युनिजिनचे सुपरपोझिशन चालेल.

मग कोअर क्लॉक १५ ते २५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटे बेंचमार्क चालू द्या. पडद्यावर ठिपके, चौकोन किंवा फाटल्यासारख्या रेघा दिसल्या, की मर्यादा ओलांडली असे समजा. तिथून दोन-तीन टप्पे मागे या. व्होल्टेजला हात लावू नका. कार्डाचे बायोस बदलण्याच्या भानगडीत तर पडूच नका. ते लिहिले जात असताना वीज गेली तर कार्ड निकामी होऊ शकते.

कोअर पुन्हा मूळ जागी आणून मेमरी वेगळी तपासा. इथे फसगत होते. जीडीडीआर५ आणि जीडीडीआर६ मेमरीत चिपकडे जाणारा-येणारा डेटा चुकला तर ते ओळखून तो पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी संगणक बंद पडत नाही. पुन्हा पाठवण्यात वेळ जातो आणि स्कोअर घसरतो. क्लॉक वाढवूनही स्कोअर खाली आला, तर तुमची मेमरी मागच्याच टप्प्यावर थकली होती.

परीक्षा कशाची घ्यायची?

परीक्षण कसे असावे, हे नगरकरांना वेगळे सांगायला नको. डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा इथे वाहननगरला आहे. गुळगुळीत डांबरावर धावली एवढ्यावर लष्करी गाडी पास होत नाही. तिला खडतर पट्ट्यांवरूनही जावे लागते. कार्डालाही एकच चाचणी पुरत नाही.

फरमार्क कार्डाला प्रचंड तापवते, म्हणून अनेक जण तेवढ्यावर थांबतात. पण त्या भाराखाली कार्ड विजेच्या मर्यादेला टेकते आणि क्लॉक खाली आणते. एनव्हिडियाने २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत जीपीयू बूस्ट आणले, तेव्हापासून कार्ड वीज आणि तापमान पाहून स्वतःचा वेग बदलत असते. म्हणजे फरमार्कमध्ये तुम्ही दिलेला सर्वांत वरचा वेग तपासलाच जात नाही. तो हलक्या भाराखाली, गेमच्या मेनूत किंवा टाइमलाइन मागेपुढे करताना उघडा पडतो.

म्हणून तीन परीक्षा घ्या. थ्रीडीमार्कच्या सशुल्क आवृत्तीतली स्ट्रेस टेस्ट २० फेऱ्या घेते आणि फ्रेमचा वेग किमान ९७ टक्के स्थिर राहिला तरच पास करते. ओसीसीटी कार्डाची मेमरी भरून चुका मोजते; तिथे शून्याशिवाय कुठलाही आकडा चालत नाही. तिसरी परीक्षा तुमच्या रोजच्या कामाची : दोन तासांचा व्हिडिओ एक्सपोर्ट करा आणि पूर्ण पाहा. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद त्याचीच असते. अशी एक जरी नोंद दिसली तरी आणखी मागे या.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुक्या चुकीची. संगणक बंद पडला तर कळते. मॉडेलमधला एक आकडा चुकला तर कळत नाही. घरगुती कार्डांपैकी बहुतेकांत मेमरीतल्या चुका दुरुस्त करणारी ईसीसी सोय नसते. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संदेश एकत्र जुळवणाऱ्या यंत्रणेतही ग्राफिक्स प्रोसेसर काम करतात. अशा कामात वेगाला किंमत आहे ती आकडा बरोबर असेल तरच. प्रोजेक्टचे किंवा गिऱ्हाइकाचे काम करताना आपलाही निकष हाच असावा. शंका असेल तर त्या कामापुरते मूळ वेगावर परत या.

विजेची बाजू

सहा पिनांचे कनेक्टर ७५ वॉटसाठी, आठ पिनांचे १५० वॉटसाठी आणि मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉटसाठी असतो. पॉवर लिमिट वाढवण्याआधी ही बेरीज करून पाहा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. १७० वॉटचे आरटीएक्स ३०६०, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्याची बरीचशी क्षमता मूळ वेगातच संपते. ओव्हरक्लॉक करून त्यावर भार चढवलात, तर वीज गेल्याक्षणी यूपीएसही ट्रिप होईल आणि अर्धवट एक्सपोर्ट वाया जाईल. मोटारी सुरू झाल्या की दिवे मंद होतात अशा वस्तीत चांगला एसएमपीएस आणि नीट अर्थिंग यांवरचा खर्च आधी करा.

सगळ्या परीक्षा पार पडल्या तरी आफ्टरबर्नरमधले, विंडोज सुरू होताच बदल लागू करण्याचे बटण आठवडाभर बंद ठेवा, म्हणजे काही बिघडले तर संगणक रीस्टार्ट करताच मूळ वेग परत येईल. आणि हिवाळ्यात ठरवलेले आकडे उन्हाळ्यात पुन्हा तपासा : भर दुपारी, कूलर बंद ठेवून, खोलीचे तापमान वहीत लिहून. त्या दुपारी जो आकडा टिकेल तोच कायम ठेवा, मग तो हिवाळ्यापेक्षा ४० मेगाहर्ट्झने कमी का असेना.

पुढच्या लेखांकात याच्या उलट वाट : तोच वेग ठेवून व्होल्टेज उतरवणे. १.०५ व्होल्टचे ०.९५ केले तर चिपची वीज सुमारे १८ टक्क्यांनी उतरते. आपल्या उन्हाळ्यात अनेकांना ओव्हरक्लॉकिंगपेक्षा याचाच फायदा जास्त होईल. तोवर वहीत मूळ स्थितीची नोंद करून ठेवा. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.